हात न लावता किंचाळणारी पेटी

केशरबाईंनी हात पुढे केला आणि पेटी किंचाळली.

आवाज असा चढत गेला, की मारुतीच्या पारावर बसलेली म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहिली. वाडीतले वीस-पंचवीसजण आधी पेटीसमोर हात धरून गेले होते. कुणाच्याही वेळी तिनं हूं की चूं केलं नव्हतं. केशरबाईंच्या हाताला मात्र तिनं आकाशपाताळ एक केलं.

"चोर सापडला," नादबाबा डोळे मिटून म्हणाला.

गर्दीत उभ्या असलेल्या जोयाच्या अंगावर काटा आला, पण भीतीनं नाही. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. दोन वर्षं रोज संध्याकाळी तिनंच तो काढला होता!

जोया गेवराईची. तिचा मोठा भाऊ साजिद रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करायचा. त्यानं पुण्यातल्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनं थेरेमिन आणलं होतं. थेरेमिन म्हणजे हात न लावता वाजणारं वाद्य. एका लाकडी पेटीला उजवीकडे उभी दांडी आणि डावीकडे आडवी कडी. दांडीजवळ हात नेला की सूर चढतो, कडीजवळ नेला की आवाज बसतो. साजिदला पुण्यात नोकरी लागली, तिथली खोली काडेपेटीएवढी, म्हणून त्यानं ते विकायला सांगितलं. जोयानं रुसून, दोन दिवस कुणाशी न बोलता, शेवटी मोबाइलवर जाहिरात टाकली. कडा गावात गाण्याचे क्लास घेतो म्हणणारा एक सदरेवाला माणूस आला आणि घेऊन गेला. वाजवून बघा म्हटलं, तर त्यानं फक्त एवढंच विचारलं, की आवाज बंद कसा करायचा.

आज तोच माणूस भगव्या कफनीत बसला होता. पेटीवर लाल कापड, दांडीला मोरपिसं आणि कडीवर झेंडूची जाड माळ. त्या माळेवर त्याचा डावा हात आशीर्वाद दिल्यासारखा टेकलेला होता.

मे महिन्याच्या सुट्टीत जोया आणि तिचा चुलतभाऊ गुफरान चकलांब्याजवळच्या या वाडीत राहायला आले होते, ते वर्गमैत्रीण संस्कृतीच्या घरी. केशरबाई या संस्कृतीच्या आजी. दोन दिवसांपूर्वी वाडीच्या विहिरीवरची पाण्याची मोटार गायब झाली, नळ कोरडे पडले आणि बायका हंडे घेऊन उन्हातान्हात लांबच्या हापशावर जाऊ लागल्या. गावचे पुढारी अमरसिंह, म्हणजेच वाडीचे दादासाहेब, यांना पोलिसांचे हेलपाटे नको होते. कुणीतरी नादबाबाचं नाव सुचवलं आणि त्यांनी लगेच गाडी पाठवली.

जोया पुढे घुसली. "काका, ही पेटी म्हणजे वाद्य हाय. माझंच व्हतं ते..."

"मोठ्यांच्या मधी बोलू न्हाई, पोरी," अमरसिंहांनी तिला हातानंच बाजूला केलं. उद्या सकाळपर्यंत मोटार आणून द्यावी, नाहीतर हापशाचं पाणीसुद्धा बंद, असं त्यांनी केशरबाईंना सगळ्यांदेखत बजावलं.

केशरबाईंनी पदर खोचला. "पाणी बंद करायला हापसा काय तुमच्या घरचा हाय? म्या चोरी केली न्हाई. पेटी वरडू द्या न्हाईतर फुटू द्या."

घरी आल्यावर त्या भाकरी थापायला बसल्या. संस्कृती म्हणाली, की गेल्या ग्रामसभेत आजीनं अमरसिंहांना तोंडावर विचारलं होतं, गावचं पाणी तुमच्या मोसंबीच्या बागेत का म्हणून जातं? तेव्हापासून त्यांच्या मनात आजीविषयी अढी होती. आणि सकाळी बाबा तासभर त्यांच्याच ओट्यावर चहा पीत बसला होता. कुणाचं नाव घ्यायचं, हे त्याला न विचारता कळलं असणार.

"म्हणजे पेटी न्हाई, चहा वरडला," गुफरान म्हणाला. हसू कुणालाच आलं नाही, पण तिघं उठले आणि थेट विहिरीवर गेले.

विहिरीवर मोटारीची रिकामी जागा होती. संस्कृती नुसतीच बघत राहिली. जोया मात्र गुडघ्यांवर बसली. लहानपणापासून पाने-पकडी बघत वाढलेली पोर ती! बोल्ट तोडलेले नव्हते, पान्यानं सोडवून ओळीनं भिंतीवर ठेवले होते. वायरींची टोकंसुद्धा कापलेली नव्हती. प्रत्येक टोकाला काळी टेप नीट गुंडाळली होती.

"चोर टेप लावत बसंल व्हय?" जोया म्हणाली. "ज्यानं मोटार नेली, त्याला ती परत आणून बसवायची हाय."

ही गोष्ट अमरसिंहांना सांगायला तिघं त्यांच्या घरी गेले. त्यांनी अर्धंच ऐकलं आणि पोरांना आंबे देऊन वाटेला लावलं. जोयानं आंबा ओट्यावरच ठेवला. परतताना तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"सांगून ऐकत न्हाईत ना? मग दाखवू," ती म्हणाली.

गुफरानचे अब्बा फळांचा गाडा लावायचे. पोरं निघताना त्यांनी केशरबाईंसाठी एक कलिंगड दिलं होतं, चांगलं घागरीएवढं. ते अजून कापलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर पुन्हा गर्दी जमली. बाबा माळेवर हात ठेवून बसला होता. मोरपिसांच्या शेजारीच खुर्ची टाकून अमरसिंह बसले होते. गुफरान कलिंगड पोटाशी धरून, धापा टाकत पुढे आला.

"बाबा, अब्बांनी पाठवलंय. खाली ठेवू नका म्हणले, हातातच घ्या."

सगळं गाव बघत असताना नाही कसं म्हणणार? बाबानं दोन्ही हात पुढे केले. कलिंगड हातात आलं, झेंडूच्या माळेवरचा हात उठला आणि पेटी अमरसिंहांच्या कानाशी किंचाळली. ते दचकून उठले, तसा तिचा सूर आणखी चढला.

तेवढ्यात संस्कृतीनं आजीची शेळी सोडली. मोरपिसांपाशी तिनं आधीच चारा टाकून ठेवला होता. शेळी मान लांबवत दांडीजवळ गेली आणि पेटीनं तिच्यावरसुद्धा तेवढीच बोंब मारली. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आता शेळीच्या घरी मोटार हुडका!" एक म्हातारी म्हणाली, आणि अख्खा पार हसायला लागला.

बाबानं कलिंगड कसंबसं मांडीवर घेतलं आणि माळेकडे हात नेला. पण जोयानं लाल कापड ओढून काढलं होतं. उजवा हात दांडीपाशी आणि डावा कडीवर धरून तिनं लग्नात बँडवर वाजते ती चाल वाजवली. पेटीला बोटही न लावता! लहान पोरं तर नाचायलाच लागली.

"ए पोरी, माझ्या पेटीला हात लावू नको," बाबा ओरडला. "पैसे देऊन घेतलीय मी."

"व्हय," जोया म्हणाली. "माझ्याकडनंच."

बाबानं आता तिला ओळखलं आणि कलिंगड मांडीवरून उतरवत तो मागे सरकला. मग लोक चवताळले. दोघं-तिघं पेटी फोडायला धावले, तशी जोया तिच्यापुढे आडवी उभी राहिली.

"पेटीनं काय केलंय? तिला चोरबी कळत न्हाई अन् सावबी कळत न्हाई. जवळ कोण आलं, एवढंच कळतं. काल तुमी सगळ्यांनी तिचं ऐकलं अन् आजींचं ऐकलं न्हाई."

धावून आलेले मागे सरले. जोयानं मग बोल्टांची आणि टेपची गोष्ट सांगितली, आणि या वेळी ती शेवटपर्यंत ऐकली गेली. वाडीत पान्याचं काम येणारा माणूस एकच होता. रोज नळाला पाणी सोडणाऱ्या राधाकिशनकडे हळूहळू माना वळल्या. कुणी काही विचारायच्या आधीच तो पुढे आला.

"चोरी झालीच न्हाई," तो खाली मान घालून म्हणाला. "मोटार चालू ठेवून म्या झोपलतो. इहीर कोरडी पडली अन् मोटार जळाली. काम जाईल म्हणून गुपचूप गेवराईला वाइंडिंगला, नवी तार भराया टाकली. केशरमावशीचं नाव आलं तवा बोलाया पायजे व्हतं. धीर झाला न्हाई."

अमरसिंहांनी गाडीची चावी त्याच्यापुढे टाकली आणि आत्ताच्या आत्ता मोटार घेऊन यायला सांगितलं. बाबाला सगळ्यांदेखत पेटी परत करायला लावली. जोयानं पुण्याला फोन करून साजिदला सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, की बाबाचे पैसे मी आजच परत पाठवतो, पुढं विकायचं की नाही ते तूच ठरव. जोयानं तिथल्या तिथे ठरवलं. जो आधी वाजवून दाखवील त्यालाच ते मिळणार होतं, आणि तसा कुणी आला नाही तर ते घरीच राहणार होतं.

"शाबास गं पोरी," अमरसिंह तिच्या डोक्यावर हात ठेवत म्हणाले. "डोकं हाय तुला. आमाला जमलं न्हाई ते तू केलं."

जोया एक पाऊल मागे सरली. "मला शाबासकी नको, काका. काल तुमी सगळ्यांसमोर आजींना चोर ठरवलं. आज सगळ्यांसमोर माफी मागा."

गर्दीत चुळबुळ झाली. वाडीत अमरसिंहांशी असं कुणी बोलत नसे. संस्कृतीनं जोयाचा हात घट्ट धरला. अमरसिंहांनी टोपी काढली आणि ते केशरबाईंच्या समोर जाऊन उभे राहिले.

"चुकलं माझं, केशरबाई. माफ करा."

केशरबाईंनी त्यांना नीट पाहून घेतलं. मग तिन्ही पोरांना जवळ ओढून त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली.

"ही माझी पोरं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "अन् माफीचं म्हणाल दादासाहेब, तर आधी नळाला पाणी येऊ द्या. मग ग्रामसभेत त्या बागेचं बोलू."