'संध्याकाळ' नावाची फाइल

फोल्डरमध्ये एक तारखेची एकच फाइल होती.

तपासणीस बाईंनी पडद्याकडे पुन्हा पाहिलं. पुन्हा पाहिल्याने एकीच्या दोन होणार नव्हत्या, पण सवय जात नाही. एक तारखेला या आपत्कालीन फोन केंद्रात दिवसभर जेवढे कॉल आले, त्या सगळ्यांची रेकॉर्डिंग इथे असायला हवी होती. उरलं होतं ते दिवसातलं शेवटचं. त्यात एक गृहस्थ पाइपात अडकलेल्या मांजरीचं काय करायचं ते विचारत होते.

"बघितलंत ना?" केंद्राचे साहेब मागून म्हणाले. "सगळं साफ. आणि हे एक मांजर मागे ठेवलंय, आपल्याला वाकुल्या दाखवायला."

"दार लावून घ्या," बाई म्हणाल्या. "माझं काम होईपर्यंत इथून कुणी बाहेर जाणार नाही."

"मीसुद्धा?"

"तुम्हीसुद्धा."

दार लागलं. रेकॉर्ड रूम तळघरात होती. खिडकी नावाला नाही, आणि दार उघडायचं कार्ड बाहेरच्या पहारेकऱ्याकडे. आत यंत्रांची एकसारखी घरघर, हवा थंड पण कोंदट. एका कोपऱ्यात काचेची छोटी केबिन होती. तिथे बाईंनी आपलं बस्तान मांडलं. बाकीचे तिघे काचेबाहेर खुर्च्यांवर बसून राहिले. साहेब, सिस्टिम सांभाळणारा इंजिनिअर, आणि जिच्यावर आळ होता ती फोन ऑपरेटर.

प्रकरण साधं नव्हतं. एक तारखेला सकाळी एका इमारतीत आग लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईने या केंद्राला फोन केला. गाडी पोचेपर्यंत ती गेली होती. केंद्राने फोन वेळेत उचललाच नाही, असं तिच्या भावाचं म्हणणं होतं. खरं काय ते रेकॉर्डिंगने सांगितलं असतं, आणि नेमकं तेच नाहीसं झालं होतं. त्या संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर ऑपरेटरच्या लॉगिनने कुणीतरी रेकॉर्डिंगपर्यंत गेल्याची नोंद मात्र होती. दुपारी पोलिस तिला न्यायला येणार होते.

तपासणीस बाई मुख्यालयात येण्याआधी वेगळ्याच धंद्यात होत्या. फाइली हलवणाऱ्या, शोधणाऱ्या, पुसणाऱ्या कमांडविषयी जगभरातून येणाऱ्या तक्रारी वाचायच्या, आणि बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, खरी आहे की माणसाचा गैरसमज, ते ठरवायचं. शिव्या घालणारी तक्रार बहुधा पोकळ निघते आणि गोंधळलेली तक्रार बहुधा खरी, एवढं त्या त्यातून शिकल्या होत्या.

त्यांनी आधी ऑपरेटरला आत बोलावलं.

"त्या संध्याकाळी तुम्ही रेकॉर्डिंग बघायला गेलात?"

"गेले."

"कशाला?"

"तो कॉल ऐकायला."

"तुम्हीच घेतलेला कॉल तुम्हाला परत कशाला ऐकायचा होता?"

तिने ओढणीचं टोक मुठीत धरलं. "मला आठवत नाही, मॅडम. चारी लाइनी एकदम वाजत होत्या. त्या बाईंचा आवाज आठवतो. खोकत होत्या. पण घंटा किती वाजली, मी लगेच उचलला की आधीच्या कॉलवर बोलत बसले, काही म्हणजे काही आठवत नाही. लोक म्हणतात उशीर केला. केला असेल. नसेलही. मलाच माहीत नाही."

"घंटाही रेकॉर्ड होते?"

"हो. वाजायला लागली की मशीन सुरू."

"मग ऐकलात?"

"नाही ना! नव्या महिन्याच्या नावावर दाबलं, तर फोल्डर उघडेचना. त्याच्या जागी कुणीतरी मांजरीबद्दल बोलायला लागलं. मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय. तक्रार टाकली आणि घरी गेले."

"घरी कोण कोण असतं?"

"सासूबाई, आमचे हे, आणि भाऊजी." तिने काचेपलीकडच्या इंजिनिअरकडे मान वळवली. "ते काय, तेच माझे दीर. मला तर तेव्हापासून घास उतरत नाही. तेच समजूत घालतात."

ती बाहेर गेली आणि दीर आत आला. इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. खुर्चीवर बसला तो अगदी टोकावर.

"रेकॉर्डिंग फोल्डरमध्ये कोण टाकतं?"

"आपोआप जातात. मी स्क्रिप्ट लिहिलीय. संध्याकाळी ती दिवसभराच्या फाइली एकेक करून त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये हलवते."

"आणि फोल्डर कोण बनवतं?"

"मी. हाताने. एक तारखेला आलो की चहाच्या आधी ते काम."

"या एक तारखेलाही?"

"म्हणजे काय!"

"वहिनींनी फाइली पुसल्या, असं तुम्हाला वाटतं?"

"कसं सांगू, मॅडम? माझी अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झालीय. साहेबांनी नोंद मागितली, मी दाखवली. त्यात त्यांचं लॉगिन दिसतंय."

"पण त्या कशाला पुसतील?"

"घाबरल्या असतील. उगाचच हो! दुसऱ्या घंटेलाच उचलला होता त्यांनी फोन. रेकॉर्डिंग असतं तर आज सुटल्या असत्या बिचाऱ्या."

"असं त्या म्हणतात?"

"हो, घरी रोज तोच विषय."

बाईंनी मान डोलावली. "एक सांगा. बाकी सगळ्या फाइलींची नावं यंत्राने दिलेली, नुसते आकडे. या एकटीचं नाव 'संध्याकाळ' कसं?"

"त्यांनीच बदललं असेल," तो म्हणाला, आणि रुमालाने मान पुसली. त्या थंड खोलीत त्याला घाम फुटला होता.

दोघं केबिनमधून बाहेर आले तोच दारावर टकटक झाली. पोलिस वर येऊन बसलेत, असं पहारेकऱ्याने बाहेरूनच ओरडून सांगितलं. ऑपरेटर खुर्चीतून अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. उठून जायचं कुठे? दाराबाहेर पोलिस, आत यंत्रं, आणि घरी गेली तरी तेच प्रश्न.

"आता उरकून टाका, मॅडम," साहेब वैतागले. "चोर समोर आहे. त्यांनाही ताटकळायला नको, आम्हालाही."

"बसू दे त्यांना. साहेब, तुम्ही जरा इकडे या. तुमच्याकडून एक काम करून घ्यायचंय."

बाईंनी एका रिकाम्या मशीनवर तीन छोट्या फाइली बनवल्या. एकीत लिहिलं आंबा, दुसरीत पेरू, तिसरीत चिंच.

"या तिन्ही 'डबा' नावाच्या फोल्डरमध्ये हलवायच्या. एकेक करून. मूव्ह कमांड मी सांगते, तुम्ही टाइप करा."

साहेब एका बोटाने टाइप करायला लागले. आंबा गेला. पेरू गेला. चिंच गेली. मशीनने हूं की चूं केलं नाही.

"झालं. त्यात काय?"

"आता डबा उघडा."

साहेबांनी उघडला. पडद्यावर एकच शब्द आला. चिंच.

"आंबा आणि पेरू कुठे गेले?"

"तुम्ही संपवलेत," बाई म्हणाल्या. "कारण डबा नावाचं फोल्डर मी बनवलंच नव्हतं. फोल्डर नसलं की ही कमांड समजते, या फाइलीचं नाव बदलून डबा ठेवायचंय. तशी आंब्याची फाइल 'डबा' झाली. मग पेरू आला आणि त्याच नावावर बसला. आंबा संपला. मग चिंच आली, पेरू संपला. शेवटची तेवढी वाचते. कमांड विचारत नाही, ओरडत नाही, आणि काही पुसल्याची नोंदही कुठे होत नाही."

साहेबांनी कीबोर्डवरून हात काढून घेतला.

"आता एक तारीख घ्या. नव्या महिन्याचं फोल्डर सकाळी बनायला हवं होतं. बनलं नाही. मी त्याची नोंद पाहिली, ते दोन तारखेचं आहे. संध्याकाळी स्क्रिप्ट चालली आणि दिवसभराचे सगळे कॉल एकाच नावावर येऊन एकमेकांना खात गेले. उरला शेवटचा, मांजरीचा. म्हणून यांनी महिन्याच्या नावावर दाबलं तेव्हा फोल्डर उघडलं नाही, माणूस बोलला. यांचं डोकं ठिकाणावर होतं. जे झालं ते यांनी जसंच्या तसं तक्रारीत लिहिलं. त्या तक्रारीवर दुसऱ्या दिवशी सकाळी शेरा पडला, 'वापरणाऱ्याची चूक. बंद.' शेरा कुणाचा, ते त्यांनाच विचारा."

सगळे दिराकडे बघत होते.

"माझ्या आईला त्या सकाळी दवाखान्यात न्यायचं होतं," तो म्हणाला. "उशीर झाला. त्यात आग. फोन, गडबड. राहून गेलं, बस. एका दिवसाचं राहून गेलं."

"राहून जातं," बाई म्हणाल्या. "त्याबद्दल मी तुम्हाला चार शब्द सुनावले असते आणि स्क्रिप्ट सुधारायला लावली असती. फोल्डर नसेल तर थांब, एवढं सांगणारी एक ओळ पुरते. पण दोन तारखेला तुमच्या लक्षात आलं. तुम्ही फोल्डर बनवलं, उरलेली फाइल त्यात टाकली. तिचं मूळ नाव तर गेलेलं, म्हणून सुचेल ते नाव दिलंत. आणि त्यांची तक्रार बंद करून टाकलीत."

"चूक झाली, मॅडम. भीती वाटली."

"एवढंच असतं तर मी हेही सोडलं असतं. दुसऱ्या घंटेला उचलला, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वहिनींनीच…"

"मी?" ऑपरेटर म्हणाली.



"त्यांना घंटा आठवतच नाही," बाई म्हणाल्या. "फोन करणारी बाई आता या जगात नाही. घंटा मोजायची तर रेकॉर्डिंग ऐकायला हवं. फाइल अशी गेली तरी तिचा मजकूर डिस्कवर काही काळ पडून असतो, आणि तुम्ही जाणकार आहात. तुम्ही तो परत मिळवलात. मिळवून ऐकलात. मग दिला का नाही, तेही कळतं. दिला असता तर मुळात गेला कसा, ते सांगावं लागलं असतं. कुठे आहे तो?"

त्याने शर्टाच्या खिशातून एक पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

"टाकून द्यायला निघालो होतो. दोनदा. टाकवला नाही."

बाईंनी तो लावला. एक घंटा वाजली. दुसरी अर्ध्यावर तुटली. "बोला, आपत्कालीन केंद्र." मग खोकला, धाप, एक पत्ता. "गाडी निघाली, ताई. दार लावून घ्या. फटीत ओलं कापड कोंबा. खाली बसा, जमिनीलगत. मी फोन ठेवत नाहीये. ऐकताय ना? मी आहे." पलीकडचा आवाज बारीक होत गेला. अलीकडचा मात्र तसाच राहिला, पलीकडून काही येईनासं झाल्यावरही, "मी आहे, मी आहे" म्हणत.

साहेबांनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले. ऑपरेटर ताठ बसून शेवटपर्यंत ऐकत होती. गालावरून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही.

"मी रोज विचारत होते तुम्हाला, भाऊजी," ती म्हणाली. "जेवताना, भांडी आवरताना. घंटा किती वाजली असेल हो? रोज."

"वहिनी, मी म्हणत होतो ना, लगेच उचलला असणार म्हणून…"

"असणार म्हणालात."

बाईंनी तिची जुनी तक्रार पुन्हा उघडली, 'वापरणाऱ्याची चूक' खोडून 'बग खरा, तक्रार बरोबर' असं लिहिलं आणि दार वाजवलं. पहारेकऱ्याने कार्ड लावलं. पोलिस आत आले. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवत त्यांना दिराच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

ऑपरेटर जिना चढून वर आली. रस्त्यावर ऊन होतं. रोज ती दिराच्या स्कूटरवर बसून घरी जायची, स्कूटर नेहमीच्या जागी उभी होती. तिच्या बाजूने वळसा घालून ती फाटकापाशी गेली आणि तिने नवऱ्याला फोन लावला.

"मला न्यायला या," ती म्हणाली.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नाही. त्यांच्याबरोबर येत नाही. तुम्ही या."