बॉनेटवरची लाल लोकर

नव्या फ्रिजचं खोकं रद्दीवाल्यासाठी मी खाली आणून ठेवलं, तेव्हा एक गृहस्थ पिंपळाखाली गाडीच्या पुढ्यात मांडी घालून बसले होते. पांढरी मिशी, कोपरापर्यंत काळं ग्रीस. त्यांनी आधी खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे... आणि डोळे चमकले ते खोक्याकडे बघताना, हे मी अजून विसरलेले नाही.

“टाकणार आहात?”

“रद्दीवाल्याला देणार आहे.”

“मला द्या की. गाडीला नाक करायचंय.”

हे ऐकून कुणी हसून वर गेलं असतं. मी मात्र तिथंच थांबले. गाडीला नाक कशाला लागतं, हे कळल्याशिवाय मला त्या दिवशी जेवण गेलं नसतं.

चिंचपोकळीची आमची चाळ टॉवरसाठी पाडली, म्हणून आठ महिन्यांपूर्वी मी परळला या चाळीत भाड्यानं आले. नवरा जाऊन चौदा वर्षं झालेली. लोअर परळच्या एका कपड्यांच्या कारखान्यात मी चाळीस वर्षं कटिंग केलं. शिवणारे सगळे मला ‘मास्तर’ म्हणायचे. या गृहस्थांबद्दल, म्हणजे रामदासभाऊंबद्दल, एवढंच ऐकून होते की तळमजल्यावर एकटे राहतात, बसडेपोत पत्राकाम करायचे, बायको नऊ वर्षांपूर्वी वारली आणि मुलगी मनाली नाशिकला असते. गाडीबद्दल मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

एके काळी टॅक्सी असलेली जुनी फियाट. बाहेरून हिरवी, पण दार उघडलं की आतल्या कडेला अजून काळा-पिवळा रंग दिसायचा. त्यांनी स्वतःच तिच्यात मोठं इंजिन बसवलं होतं. घाटापलीकडे गाड्या पळवण्याचा एक ट्रॅक आहे. तिथं वर्षातून एकदा जुन्या गाड्यांच्या दहा फेऱ्या होतात, त्यासाठी.

“गेल्या वर्षी तिसऱ्या फेरीत उकळली,” ते म्हणाले. “उकळून वाकलेलं इंजिनाचं हेड दोनदा घासून घेतलंय. आता घासायला धातूच उरला नाही. यंदा उकळली की सरळ भंगारात. आणि मी नाशिकला.”

“तुम्ही कशाला?”

“लेकीला शब्द दिलाय. गाडी नसली तर इथं माझं कोण आहे?”

हे त्यांनी हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

“पण आत पंखा असतो ना?” मी विचारलं.

त्यांनी पाना खाली ठेवला. असा प्रश्न त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी विचारला नसावा. “बघा, हवा आळशी असते. रेडिएटरच्या बारीक जाळीतून जायचं म्हणजे तिला कष्ट. बाजूला जरा फट दिसली की तिकडून पळते. म्हणून जाळीपासून रेडिएटरपर्यंत चारी बाजूंनी बंद बोगदा करायचा. पळायला जागाच नको. तेच नाक.”

“आणि आत गेलेली हवा बाहेर कुठून येणार?”

“ते आधीच केलंय!” त्यांनी अभिमानानं बॉनेट दाखवलं. समोरच्या काचेला लागून, हातानं कापलेल्या बारा लांब फटी. “स्वयंपाकघरात धूर मागच्या झरोक्यातून जातो की नाही? तसंच.”

पुठ्ठा कापायला त्यांनी कात्री उचलली आणि मला राहवेना. इतकी वाकडी कात्री मी नवशिक्या पोरींचीही पाहिली नव्हती.

“थांबा, थांबा... माया कुठं ठेवलीत?”

“काय?”

“शिवणीसाठी कडेला जास्तीचं सोडतात ते. पत्रा दुमडून रिपीटचे खिळे ठोकणार ना? मग दुमडायला जागा नको?”

त्यांनी कात्री मुकाट्यानं माझ्या हातात दिली. “डेपोत पत्रा कापूनच यायचा. आम्ही फक्त ठोकायचो... मास्तर.”

त्यांना हे नाव कुणी सांगितलं होतं, कुणास ठाऊक. खूप दिवसांनी ऐकलं.

मग रोज पाच वाजता मी टेप आणि खडू घेऊन खाली उतरू लागले. ते चहा करायचे, आलं जास्त घालायचे. मी गाडीच्या जबड्यात हात घालून माप घ्यायची. पुढचं तोंड लहान, मागचं रेडिएटरएवढं, मध्ये चार निमुळत्या कळ्या. पुठ्ठ्याचा नमुना, त्यावरून पत्रा, त्याला रिपीट, आणि कडेला दाराची रबरी पट्टी.

“तिला सांगा, श्वास रोखून उभी राहा,” मी टेप लावत म्हणायची.

“तुम्ही माप घेताना कुणाचाही श्वास रोखला जाईल...” ते पुटपुटायचे आणि लगेच पाना शोधायला लागायचे. पाना हातातच असायचा.

पहिल्या मजल्यावरची कमल कठड्यावरून ओरडली, “काय हो कांताताई, गाडीला फ्रॉक शिवताय काय?”

“परकर!” रामदासभाऊ खालून म्हणाले. “चार कळ्यांचा!”

सगळी चाळ हसली. मीही हसले, आणि त्या दिवशी वर जाऊन आरशात जरा जास्त वेळ पाहिलं, हे कबूल करते.

नाक बसलं. पण मला एक गोष्ट खुपत होती. एका संध्याकाळी ते शिवडीपर्यंत चक्कर मारून आले, आणि समोरच्या काचेच्या बुडाशी पिंपळाचं एक पान तसंच बसलेलं होतं. निघताना होतं, परतल्यावरही होतं.

“हे पान उडालं कसं नाही?”

“अडकलं असेल.”

मी बोटानं ढकललं. सहज हललं.

रात्रभर ते पान डोक्यात होतं. माझी आई गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात होती. डबा द्यायला मी जायची, तेव्हा ती कधीकधी कापसाचा तंतू बोटात धरून उभी असायची. वरच्या नळकांड्यातून दमट हवा सोडलेली असायची. ती कुठं येते आणि कुठं नुसती फिरते, हे तंतू दाखवायचा. डोळ्यांना हवा दिसत नाही, ती म्हणायची, दोऱ्याला दिसते.

दुसऱ्या दिवशी मी लाल लोकरीचा गुंडा घेऊन खाली उतरले.

“स्वेटर विणताय का गाडीला?”

“बोटाएवढे तुकडे करा. आणि चिकटपट्टी आणा.”

बॉनेटभर आम्ही साठ तुकडे चिकटवले. प्रत्येकाचं एक टोक मोकळं. फटींच्या तोंडाशीही लावले. रविवारी उजाडताना आम्ही फ्रीवेवर गेलो. रस्ता रिकामा, उजवीकडे खाडीवर फिकट गुलाबी उजेड. मी मांडीवर नमुन्याचा कागद घेतला होता आणि प्रत्येक धाग्याची दिशा बाणानं काढत होते. साठच्या वेगाला सगळे धागे जिवंत झाले... मधले, रेडिएटरच्या जरा मागचे, नागासारखे फणा काढून उभे राहिले. काचेजवळचे मात्र—

“कुठं बघताय एवढं?” ते म्हणाले.

“धाग्यांकडे.”

“मी पण आहे गाडीत.”

“तुम्ही रस्त्याकडे बघा, रामदासभाऊ.”

काचेजवळचे धागे फटींतून आत ओढले गेले होते. एकूण एक. वारा काचेवर आपटून तिथं दाबला जात होता आणि बारा फटींतून उलट इंजिनात शिरत होता. गरम हवा बाहेर पडायच्या दारातूनच बाहेरचा वारा घुसत होता. म्हणून पान हललं नव्हतं. म्हणून गाडी उकळत होती.

गाडी कडेला थांबवल्यावर मी कागद पुढे केला. सांगताना मला उत्साह आवरत नव्हता. त्यांच्या चेहऱ्याकडे माझं लक्षच नव्हतं. लक्ष गेलं तेव्हा मी मध्येच थांबले.

“तीन महिने कापत होतो त्या फटी,” ते हळूच म्हणाले. “कानशीनं. एकेक.”

त्यांनी गाडी परळकडे वळवली. उतरताना फक्त म्हणाले, “दुसरं बॉनेट मिळत नाही आता. अकरा दिवस राहिलेत.”

सोमवारी पाच वाजता गाडीवर ताडपत्री होती. मंगळवारीही. मी कठड्याशी उभी राहून खालच्या बंद दाराकडे पाहत होते. आयुष्यभर लोकांच्या चुका खडूनं अधोरेखित केल्या; कापड रागावत नाही, माणूस रागावतो, एवढं मला कळायला हवं होतं. त्याहून वाईट म्हणजे, नाशिक हा शब्द मनातून जाईना. आठ महिन्यांत मला या चाळीतल्या पाण्याच्या वेळा नीट कळल्या नव्हत्या, पण त्यांच्या चहातलं आलं कळलं होतं.

बुधवारी खालून हाक आली. “मास्तर!”

मी वाकून पाहिलं. ताडपत्री काढलेली. ते बॉनेटजवळ उभे, हातात माझा बाणांचा कागद. मी गाडीतच विसरले होते.

“हा मधला बाण... इथं वारा वर ओढतोय. इथंच फट पाडायची ना?”

मी जिना कसा उतरले आठवत नाही. गुडघे दुखतात एरवी.

“रागावला होतात,” मी म्हणाले.

“तुमच्यावर नाही हो. दोन दिवस फटींकडे बघत बसलो. म्हटलं, काम सुबक झालंय म्हणून बरोबरच असेल, असं धरून चाललो मी.” त्यांनी कान खाजवला, ग्रीसचा डाग उमटला. “आणि जुन्या फटींचं काय करायचं?”

“ठिगळ.”

“ट्रॅकच्या गाडीला ठिगळ?”

“मी लावलेलं ठिगळ कुणाला दिसत नाही.”

“हे दिसू दे,” ते म्हणाले. “रंग नको द्यायला त्यावर.”

आठ दिवस आम्ही काम केलं. मध्यभागी नवी आडवी फट, तिच्यापुढे वारा वर उचलायला बोटभर उंचीची पट्टी. मागच्या बारा फटींवर ॲल्युमिनियमचं ठिगळ, कडेनं सारख्या अंतरावर रिपीट. अंतर मी टेपनं आखून दिलं. पुन्हा फ्रीवे, पुन्हा लोकर. या वेळी नव्या फटीच्या तोंडाशी लावलेला धागा ताडकन उभा राहिला आणि मी टाळ्या वाजवल्या. परत आल्यावर सगळे धागे काढले. तो एक त्यांनी काढू दिला नाही.

ट्रॅकच्या दिवशी पहाटे आम्ही दोघंच घाट चढून गेलो. तिथं सगळी तरुण मंडळी, चकचकीत हेल्मेटं. एका पोरीनं ठिगळाचा फोटो काढला. रामदासभाऊंनी पट्टा आवळला, माझ्याकडे पाहिलं आणि हेल्मेट घातलं.

मी कुंपणाच्या जाळीला धरून उभी राहिले.

पहिली फेरी. दुसरी. तिसरीला मी श्वास धरला. हिरवी गाडी वळणावरून गुरगुरत आली आणि पुढे गेली. पाचवी. सहावी. ऊन चढलं, डांबरावर हवा थरथरायला लागली. सातव्या फेरीला माझ्या समोरच्या वळणावर गाडीच्या नाकाशी पांढरं काहीतरी उठलेलं दिसलं.

वाफ!

“रामदास!” मी ओरडले. एवढ्या जोरात मी गेल्या वीस वर्षांत ओरडले नसेन. शेजारचा माणूस दचकला.

“धूळ आहे, आजी,” तो म्हणाला. “पुढची गाडी मातीत उतरली.”

पांढरं विरलं. त्यातून हिरवी गाडी बाहेर आली. आठवी, नववी, दहावी... मग ती हळूहळू माझ्यासमोर येऊन थांबली. पुढून वाफ नाही, खाली पाणी नाही. मधल्या फटीतून गरम हवा लहरत वर येत होती, आणि लाल धागा तिच्यात डुलत होता.

त्यांनी हेल्मेट काढलं. केस घामानं चिकटलेले.

“तापमानाची सुई कुठं गेली होती?” मी विचारलं. “सांगा ना!”

“बघितलीच नाही.”

“बघितली नाही म्हणजे? हेड जळलं असतं—”

“धाग्याकडे बघत होतो. तो उभा होता, म्हणजे हवा बाहेर पडत होती.” ते थांबले. “दहाच्या दहा फेऱ्या उभा होता. आणि सातव्या फेरीला वळणावर कुणीतरी मला हाक मारली. भाऊ न लावता.”

“एवढ्या आवाजात तुम्हाला ऐकू येणं शक्य नाही.”

“तोंड दिसलं ना जाळीमागे. भाऊ म्हणायला शेवटी ओठ पुन्हा मिटावे लागतात.”

मी पदरानं धाग्यावरची धूळ पुसायला लागले. त्यांनी खिशातून फोन काढला, काळ्या बोटांनी नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

“मनाली? हां, झाल्या दहा. नाही उकळली. ऐक, मी नाशिकला येतोय.”

माझा हात बॉनेटवरच थांबला. पत्रा तापलेला होता, तरी मला तो काढून घ्यायचं सुचलं नाही.

“पुढच्या रविवारी,” ते म्हणाले. “दोन दिवसांसाठी. मग परत परळला. आणि... एक माणूस सोबत आणतोय.”

“कोण माणूस, बाबा?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फ्रिजचं खोकं बघून चमकले होते तसेच डोळे... पण या वेळी तिथं खोकं नव्हतं.

“मास्तर,” ते फोन पुढे करत म्हणाले, “तूच सांग.”

फोन ग्रीसनं माखलेला होता. मी तो तसाच कानाला लावला.