पंखापलीकडचा टाका

त्या दिवशी वारा माझ्या बाजूने होता, एवढंच म्हणते.

शारजाच्या विमानतळावर माझे अब्बा, खैरुद्दीन, स्टोअरकीपर. त्यांचा डबा घेऊन चालले होते, तोच पांढऱ्या कापडाची लांब पट्टी उडत आली नि माझ्या ओढणीला बिलगली. मागून एकजण धापा टाकत आला, हातात वीतभर सुई.

मी टाके पाहिले. "कोणी घातले हे? डोळे मिटून?"

"मीच..." तो लाजला. "जहूर. मेकॅनिक आहे, दापोलीकडचा."

"मग पाना धरा की."

"आणि सुई? ती तुम्ही धराल...?"

एकोणीसशे चौसष्ट साल. एका गोऱ्या अधिकाऱ्याने हौसेने जुनं दुपंखी विमान घेतलं होतं. दोन महायुद्धांच्या मधलं, फौजेतल्या नवशिक्यांना उडायला शिकवणारं. पंखात लाकडी बरगड्या, वर कापड. ते शिवायला दोघं लागायची. उभ्या ठेवलेल्या पंखाच्या इकडे एक, तिकडे एक. इकडून सुई टोचायची, पलीकडच्याने ओढून परत पाठवायची.

अब्बा पेपर घेऊन शेजारीच बसले. "मध्ये कापड आहे. हरकत नाही."

पुढच्या गुरुवारी माझी बोट होती. रत्नागिरीत मामूंनी स्थळ पाहून ठेवलं होतं. मला कोणी विचारलंच नव्हतं.

"बोटाला टोचलं का?" पलीकडून आवाज.

"तुमची बडबड टोचते."

"मग गप्प बसू?"

"...तसं नाही म्हटलं."

तो हसला. कापड हललं.

"ऐका तर. या विमानाच्या आधीच्या नमुन्यात शिकवणारा पुढे बसे, डोक्यावर थेट पंख. पॅराशूट बांधून बाहेर पडणं मुश्कील. म्हणून वरचा पंख पुढे सरकवला."

"आणि तोल?"

"गेला ना! मग पंख मागे कलवले. तेव्हा जमलं."

"एका माणसाला सुटता यावं, म्हणून एवढं?"

"एवढं."

माझे डोळे भरले, ते कापडाने लपवलं.

मंगळवारी शेवटची बरगडी. सुई माझ्याकडे आली. मी ती धरूनच राहिले.

"पाठवा ना..."

"परवा माझी बोट आहे. तिकडे लग्न ठरवतायत." श्वास घेतला. "तुम्ही जरा पुढे सरका ना... तोल मी सांभाळीन."

मग पावलं. पंखाला वळसा घालून तो आला, आणि थेट अब्बांसमोर उभा राहिला.

"चाचा, मला जुलेखाशी निकाह करायचाय. तिला... बोटीवर नका पाठवू."

अब्बांनी पेपरची घडी केली. माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, पण हसू काही लपेना.

"आठ दिवस वाट बघतोय, कधी बोलतोस! मध्ये कापड होतं रे, भिंत नव्हती. मामूला मी लिहितो. यल्ला, चला, आधी तो टाका पुरा करा. त्याच्या भरवशावर माणूस उडणार आहे."

गुरुवारी बोट माझ्याविना सुटली. पुढे आम्ही शिवलेलं ते विमान खाडीवरून गेलं तेव्हा जहूर वर न बघता माझ्याकडेच बघत होता.

आजही दुआला हात उचलते, तेव्हा अब्बांनंतर त्या अनोळखी माणसांसाठीही मागते, ज्यांनी एका जिवासाठी अख्खा पंख सरकवला. आणि हो... त्या वाऱ्यासाठीही.