फौजदार घरातच आहे

सोमवारी सकाळी सुतार आला आणि दुपारपर्यंत घराच्या पाचही खिडक्यांना जाळी ठोकून गेला. जाळी पोलादी होती, करंगळीही जाणार नाही इतकी बारीक. ताईने प्रत्येक चौकटीचे चारही कोपरे स्वतः दाबून बघितले.

"बाई, आता वारासुद्धा विचारून आत येईल," सुतार म्हणाला.

ताई हसली नाही. गेल्या दीड महिन्यात हसण्यासारखं काही घडलं नव्हतं.

ताई घरीच कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर साचे पाठवायचे आणि ती खिडकीजवळच्या टेबलावर बसून मेणात एकेक दात जुळवायची. केसभर फरक पडला तर माणसाला घास चावता येत नाही, म्हणून तिला सगळं जिथल्या तिथे लागायचं. आई गेली तेव्हा धाकटी बहीण सतरा वर्षांची होती. तिलाही ताईने असंच नीट जुळवून बसवलं होतं. आता ती एकोणतीस वर्षांची होती आणि पोहण्याच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवत होती.

बोक्याला फौजदार हे नाव धाकटीनेच ठेवलं होतं. रोज सकाळी आठच्या ठोक्याला तो खिडकीतून निघायचा आणि भिंतीवरून, पत्र्यावरून गस्त घालत दहापर्यंत परतायचा. हद्दीतली एक कचराकुंडी त्याच्या तपासातून सुटत नसे. दीड महिन्यापूर्वी तो परतला तो मागचा पाय ओढत, डावा कान फाटलेला. कुठल्यातरी गाडीखाली आला होता. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पायात सळई घातली आणि सांगितलं, "पुढच्या वेळी एवढ्यावर भागणार नाही. घरातच ठेवा. पण त्याच्याशी खेळा, खिडकीत बसू द्या. घरात ठेवणं म्हणजे कोंडणं नव्हे."

ताईने यातलं 'घरातच ठेवा' एवढंच ऐकलं.

"ताई, त्याची गस्त बंद केलीस तर उरेल काय त्याच्यात?" धाकटीने विचारलं.

"जीव उरेल. बाहेर कुत्री आहेत, गाड्या आहेत, विष घालणारी माणसं आहेत. तुला ती दिसत नाहीत, कारण निस्तरायला मी असते."

"मला तो भिंतीवर उन्हात लोळताना दिसतो."

"मग पुढच्या वेळी त्याला रस्त्यावरून उचलून आणायला तू जा!"

दोघी तीन दिवस एकमेकींशी कामापुरतंच बोलल्या.

फौजदार दहा दिवस ओरडला. तो जाळीला नखं लावून उभा राहायचा आणि गळा काढायचा. पंजे सोलवटले, आवाज बसला. ताई कानात कापूस घालून दात जुळवत राहिली. अकराव्या दिवशी सकाळी तो असाच जाळीला लटकला होता. मध्येच ओरडायचा थांबला. खाली उतरला, फ्रिजवर चढला आणि अंगाची गुंडाळी करून पडून राहिला.

"बघितलंस?" ताई म्हणाली. "झाली सवय."

त्याच दुपारी शेजारच्या काकांनी दार वाजवलं. काका जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. माणूस नेमका, बोलणंही टेप लावून मोजल्यासारखं. त्यांनी अंगणाच्या भिंतीवर चिमण्यांसाठी लाकडी पेट्या टांगल्या होत्या.

"तुमच्या बोक्याने आज दोन पिल्लं नेली," ते म्हणाले. "सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी. जाळीची बातमी सगळ्या गल्लीला सांगता आणि त्याला सोडता!"

"काका, तो अकरा दिवस घराबाहेर पडलेला नाही."

"मी जन्मभर जमिनी मोजल्या. जे नाही ते मला दिसत नाही."

ताईने त्यांना हाताला धरून आत आणलं. फ्रिजवर फौजदार झोपला होता, फाटका कान खाली पडलेला. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मग तो कोण?"

"तो तुमचा प्रश्न," ताई म्हणाली आणि त्यांच्या पाठोपाठ दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी मोबाइलमधला फोटो पुढे केला. भिंतीवर बोका होता. डावा कान फाटलेला. शस्त्रक्रियेसाठी मागच्या पायावरचे केस काढले होते, तिथे नुकती लव फुटत होती. कोपऱ्यात वेळ होती, अकरा वीस. अकरा वीसला फौजदार ताईच्या टेबलाखाली, तिच्या पावलांपाशी बसला होता.

रागाला जागा हवी असते. ताईच्या रागाला ती संध्याकाळी सहा वाजता मिळाली, धाकटी ओले केस पुसत दारातून आत आली तेव्हा.

"तू काढतेस त्याला बाहेर!"

"मी अकरा वाजता चाळीस मुलांना पाण्यात पाय मारायला शिकवत असते. विचार जाऊन."

"मग दुसरं कोण? मांजर काय भिंतीतून जातं?"

"मला काय माहीत! तुझं घर, तुझी जाळी, तुझं मांजर. मी राहते फक्त."

रात्रभर धुमसून ताईने सकाळी एक काम केलं. कवळीच्या हिरड्यांसाठी वापरतात तो गुलाबी मसाला घेऊन तिने बोटाच्या पेराएवढा बिल्ला ओतला, घासला, चकचकीत केला आणि त्यावर बारीक सुईने स्वतःची खूण कोरली. तो बिल्ला तिने फौजदाराच्या गळ्यात दोरीने घट्ट बांधला. त्याने मान हलवली नाही. तसा बिल्ला जगात दुसरा नव्हता.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच खिडकीतून बघितलं. समोरच्या भिंतीवर बोका चालत होता, शेपूट ताठ, थोडा लंगडत. गळ्यात काहीतरी गुलाबी चमकत होतं. तिने मागे वळून बघितलं. फ्रिजवरच्या बोक्याच्या गळ्यातही तोच गुलाबी तुकडा होता.

भिंतीवरचा बोका थांबला. त्याने तिला ओळखलं. खाली उडी मारून तो खिडकीखाली आला आणि वर बघून ओरडला. जेवणाच्या वेळी ओरडायचा तसा, आधी एकदा लांब आणि मग दोनदा आखूड.

ताईने काच लावून घेतली. भीती आधी आली की राग, हे तिला सांगता आलं नसतं. कुणीतरी आपली चेष्टा करतंय असं तिला वाटत होतं.

धाकटीने मात्र वाटीत मासे घेतले आणि ती खाली गेली. पाऊण तासाने परत आली तेव्हा तिच्या हातावर नव्या ओरखड्यांच्या रेघा होत्या आणि डोळे भरले होते.

"किती भुकेला होता गं! हात चाटून काढला माझा." मग ती फ्रिजपाशी गेली. खालची वाटी काठोकाठ भरलेली होती, दुधावर साय धरली होती. कोपऱ्यात त्याच्या शी-शूसाठी ठेवलेला मातीचा ट्रे सारवल्यासारखा सपाट होता. "ताई, हा कधीपासून जेवला नाहीये? आणि ट्रे कधीपासून असा आहे?"

"तू बाहेरून खायला आणून त्याची भूक मोडतेस."

"चार दिवस तर मी काहीच आणलेलं नाही. ह्याला हात लावून बघ. नुसता हात लाव."

ताईने हात लावला. बोका गुरगुरत होता, एका लयीत, अजिबात न थांबता. त्या गुरगुरण्यात श्वास घ्यायलासुद्धा खंड पडत नव्हता. अंगाला ऊब नव्हती. थंडसुद्धा नव्हतं ते. पाटावरून हात फिरवावा तसं होतं.

"फ्रिजवर बसतो म्हणून," ताई म्हणाली.

"ताई, हे आपलं मांजर नाही. आपलं मांजर खाली आहे. तू आत कोंडलंस ते..."

"फौजदार घरातच आहे!" ताई एवढ्या जोरात ओरडली की टेबलावरचा प्लास्टरचा साचा खाली पडून फुटला. "ज्याला जायचंय त्याने जावं!"

धाकटी वाकून तुकडे गोळा करत होती. ती तशीच, मान खाली घालून म्हणाली, "जातेच आहे. दुसऱ्या गावच्या तलावावर नोकरी लागली आहे मला. महिना झाला. सांगायची हिंमत होत नव्हती. रविवारी दुपारच्या गाडीने निघेन."

"महिना झाला? आणि माझ्या ताटात जेवत होतीस!"

"हेच. हेच ऐकायचं नव्हतं."

"जा ना मग! तुला कुणी जाळी ठोकली होती का?"

धाकटीने वर बघितलं. "बारा वर्षं झाली, ताई. तुला ठोकल्याचं आठवतसुद्धा नाही."

रविवारपर्यंत घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. खाली रोज सकाळी बोका ओरडायचा आणि धाकटी वाटी घेऊन जायची. वर फ्रिजवर गुरगुर चालू असायची. ताई दात जुळवायची आणि पुन्हा काढायची. एकही जबडा मिटत नव्हता.

रविवारी बाराला धाकटीने बॅग उचलली. दारात घुटमळली.

"स्टँडपर्यंत येतेस?"

"मला कामं आहेत."

धाकटी जिने उतरली. ताई दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून उभी होती. छातीत नुसता जाळ झाला होता. हिला खाऊपिऊ घातलं, हिच्या परीक्षांना रात्री जागले, आणि ही बॅग घेऊन निघाली! मग खालच्या फाटकाची कडी वाजली आणि एका क्षणासाठी तिला वाटलं, धावत जावं. तिने पाऊल उचललंही.

मग काहीतरी थांबलं. दार बंद होतं. आतली कडी लावलेली होती आणि ती कडीवर हात ठेवून आतल्या बाजूला उभी होती. कडी कधी लावली, ते तिला आठवेना. राग होता तसाच होता, पण त्याची धग लागत नव्हती.

ती टेबलापाशी जाऊन बसली. समोर सकाळचं ताट झाकलेलं होतं. तिने ते उघडलं नाही. खिडकीतली उन्हाची तिरीप टेबलाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेपर्यंत सरकली, तेव्हा फोन वाजला.

"ताई, गाडी वेळेवर सुटली गं," धाकटी म्हणाली. मागे गाडीचा घरघराट होता. तिचा आवाज हसरा होता आणि रडवेलाही. "पोचलीस का घरी? मला वाटलंच नव्हतं तू येशील. आणि ध्यान काय ते! एका पायात तुझी चप्पल, एका पायात माझी. अख्खा स्टँड बघत होता."

ताईने दाराजवळ बघितलं. तिथे दोनच चपला उरल्या होत्या. एक तिची, एक धाकटीची.

"काय बोलतेस?" ती म्हणाली. "मी कुठे आले होते?"

"इतकी वर्षं मला वाटायचं तू कधी रडतच नाहीस. गळ्यात पडलीस तेव्हा मला सुचेचना काही. मी रागावले नव्हते गं तुझ्यावर. आणि फौजदाराला मोकळा सोडेन म्हणालीस, तो शब्द पाळ हं."

"मी घरातच आहे! सकाळपासून घरातच आहे मी!"

"हॅलो? ताई?"

"अगं, ऐक! ती मी नव्हते!"

"आवाजच येत नाहीये तुझा. काहीच येत नाहीये. बरं, पोचल्यावर करते."

फोन बंद झाला.

जिन्यात पावलं वाजली. एक पाऊल नीट पडत होतं, एक सैल चपलेत फटफटत होतं. त्यांच्या पुढे नखांची हलकी टिकटिक होती.

"चला साहेब, चला वर," बाहेर कुणीतरी म्हणालं. तो ताईचाच आवाज होता. पण त्यात असं हसू होतं जे तिने स्वतःच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

कुलपात किल्ली फिरली. दार हललं नाही.

ताई झेप घेऊन दाराशी गेली आणि तिने कडी दोन्ही हातांनी गच्च धरली. हे घर माझं आहे, ती ओरडली. हे दार मी उघडणार नाही. कुणासाठी नाही.

"काय झालं?" बाहेर शेजारच्या काकांचा आवाज आला.

"बघा ना काका. किल्ली फिरतेय, पण आतून कडी लागलीये."

"आत कुणी आहे का?"

"छे हो. धाकटीला तर आत्ताच सोडून आले." मग तो आवाज जरा हळू झाला. "घरात कुणीच नाही."

ताई ओरडत राहिली. बाहेर बोका भुकेने ओरडत होता, तिचा आवाज कानीच येत नसल्यासारखा. एकदा लांब, दोनदा आखूड.

आत गुरगुर जवळ आली होती. पायांना काही जाणवलं नव्हतं; तिने खाली बघितलं, म्हणून तिला कळलं, की फ्रिजवरचा बोका तिच्या पायांना अंग घासत होता.