नवीन मदर, जुना डबा

पुष्कर आणि अंजनाचं लग्न झालं.

हे वाक्य चुकून आधी आलं. आपण ते वाचलंच नाही असं समजावं. असं काहीही झालेलं नाही. अंजना कोण हे पुष्करला अजून माहीतसुद्धा नाही, आणि तो वाई-सातारा गाडीत मांडीवर कंप्युटर घेऊन बसला आहे. साल अठ्ठ्याण्णव. बाहेर भुरभुर पाऊस, म्हणून कंप्युटरला शाल पांघरलेली.

"आजारी हाय का?" शेजारी बसलेल्या मुलीनं विचारलं.

"गेलाय," पुष्कर म्हणाला. "पण तात्यांना अजून पटलेलं नाही."

तिनं हळूच शालीचं टोक उचललं. "टू एटी सिक्स! अजून असत्यात व्हय हे?" तिचे डोळे असे चमकले, की पुष्करला त्या डब्याचा जरा हेवाच वाटला. "उघडून बघू?"

"इथे? गाडीत?"

"मग काय यष्टी थांबवू?"

पर्समधून बायका रुमाल काढतात तसा तिनं स्क्रू-ड्रायव्हर काढला. ही अंजना. मूळची वडूजची, साताऱ्यात राजवाड्याजवळच्या दुकानात कंप्युटर जोडायची. वाईला कुणाचा तरी प्रिंटर दुरुस्त करून परत निघाली होती. पाचवड मागं पडलं आणि डब्याचं झाकण निघालं. आत अक्षता होत्या, हळदकुंकू होतं, मुंग्यांची एक सुखवस्तू वसाहत होती. फ्लॉपीच्या फटीत पेढा होता.

"ह्याला पेढा कुनी चारला?"

"तात्यांनी. दसऱ्याला. त्यांना तोंड असं तेवढंच दिसलं."

तात्या म्हणजे पुष्करचे वडील. वाईत पत्रिका करायचे, आणि या डब्यावर करायचे. लोक लांबून यायचे, आधी डब्याला नमस्कार करायचे, मग तात्यांना. डब्यावर 'टर्बो' नावाचं एक बटण होतं. लग्न घाईचं असलं की तात्या ते दाबायचे. त्यानं गुरू जरा लवकर सरकतो असा त्यांचा अनुभव होता. आता यंत्र बंद पडलं होतं आणि तात्यांचा हुकूम निघाला होता: आत काय वाटेल ते करा, डबा तोच पाहिजे.

"त्या डब्याला कॅबिनेट म्हनत्यात," अंजना म्हणाली.

"म्हणजे मंत्रिमंडळ तेच, कारभार नवा. असं कधी झालंय?"

"न्हाई. म्हनून तर बघायचंय मला."

दुकानाच्या मालकांनी सांगून पाहिलं, की जुन्या डब्यात नवीन पेंटियम बसत नाही. भोकं जुळत नाहीत, मागच्या खिडक्या जुळत नाहीत, काहीच जुळत नाही. अंजनानं ऐकून घेतलं आणि कानस काढली.

पुष्कर रोज वाईहून यायला लागला.

"तुमी रोज कशाला येता?"

"डब्याला बघायला."

"डबा बरा हाय."

"मग… उद्या येऊ नको?"

"उद्या पाठचा पत्रा कापायचाय." तिनं खाली बघतच सांगितलं. "धरायला कोनतरी लागंल."

त्यानं धरला. ती पत्रा घासायची तेव्हा डबा थरथरायचा, मग पुष्करचे हात थरथरायचे, मग दात. प्रेमात अंगभर काहीतरी होतं हे त्यानं ऐकलं होतं, पण दातांचा उल्लेख कुणी केला नव्हता. तिच्या मनगटावर पत्र्याचा बारीक चुरा चमकत होता. तिनं फुंकर मारली. चुरा उडून त्याच्या डोळ्यात गेला.

"बघू, उघडा डोळा… हलू नका. आता कसं वाटतंय?"

"अजून एक कण असावा," पुष्कर म्हणाला. कण नव्हता.

"सोमवारपासून मी सांगलीला चालले," ती डोळ्यात बघता बघता म्हणाली. "मोठ्या दुकानात नोकरी लागलीय. शिकवायचं पन काम हाय. रविवारी तुमच्या घरी येऊन ह्यो बसवून देते, की सुटले."

पुष्करला खूप काही बोलायचं होतं. जाऊ नका, असं. किंवा निदान, मी कुणाचा पत्रा धरू, असं.

"सांगलीला हळद चांगली मिळते," तो म्हणाला.

वाईला पोचेपर्यंत तो स्वतःशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानातून फोन आला. पुष्करची आई, गोदावरीबाई, शेजारीच शेंगा निवडत होत्या. त्यांना ऐकू आलं ते एवढंच:

"काय? मदर जळलीय?… जळणारच, किती वर्षं झाली तिला… काढून टाका सरळ… नाही नाही, घरात कुणाची हरकत नाही. तात्यांना बाहेरून तसंच दिसलं म्हणजे झालं… हो, नवीन मदर घेऊन रविवारी या. जुनी? द्या भंगारात."

गोदावरीबाई इंग्रजी शाळेत सातवीपर्यंत शिकल्या होत्या. मदर म्हणजे काय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. आमटीत मीठ पडेनासं झालं. तात्यांनी दोन घास खाऊन, "ग्रहमान बदललंय," एवढंच नोंदवलं.

रविवारी अंजना शालीत गुंडाळलेला डबा घेऊन दारात आली, तेव्हा गोदावरीबाई पिशवी भरून ओसरीवर उभ्या होत्या. कवठे महांकाळला, भावाकडे निघाल्या होत्या. त्यांनी मुलीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हीच का ती नवीन मदर?"

अंजनाला वाटलं, डब्याबद्दल विचारतायत. "व्हय काकू! लय चांगली हाय. जुनीपेक्षा चपळ."

गोदावरीबाई पिशवीवर बसल्या. "आणि जुनी?"

"ती गेली की कवाच! मुंग्या लागल्या व्हत्या."

"अहो!" गोदावरीबाईंनी आत हाक मारली. "मुलीच्या वयाची आणलीत! आणि वर मला मुंग्या लागल्या म्हणते!"

तात्या बाहेर आले. कुणाला कुणी आणलं हे त्यांना कळेना. पुष्कर धावत आला, त्यानं डब्याचं झाकण काढलं आणि आत बोट दाखवलं. "आई! मदर ती ही. मदरबोर्ड. ही हिरवी."

गोदावरीबाईंनी डब्यात वाकून बराच वेळ पाहिलं. मदर खरोखरच हिरवी होती.

"मग ही पोरगी कोण?"

"ही… ती बसवणारी."

"बसवून?"

"सांगलीला जाणार. उद्या."

'उद्या' हा शब्द त्यानं असा काही उच्चारला, की गोदावरीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, अंजनाकडे पाहिलं आणि पिशवीतली लुगडी एकेक बाहेर काढायला सुरुवात केली.

कंप्युटर सुरू झाला. बाहेरून तोच डबा, आतून वाऱ्याचा वेग. तात्यांनी हात जोडले. "कुणाची तरी पत्रिका करून बघू."

"माझी करा," अंजना म्हणाली. "मला बघायचीच हाय एकदा."

"जन्मवेळ?"

"मेंढरं पान्यावर गेली तवा."

"म्हणजे किती वाजता?"

"ते मेंढरांस्नी इचारावं लागंल."

"जन्मगाव?"

"वाटंत. घरची मानसं कळप घेऊन चालली व्हती."

तात्यांनी वेळेच्या जागी काही लिहिलं नाही. यंत्रानं वेळ मागितली. तात्यांनी टर्बो दाबलं. यंत्रानं पुन्हा वेळच मागितली.

"हिची पत्रिका होत नाही," तात्या म्हणाले.

या घरात गाय घेतानासुद्धा गाईची पत्रिका पाहिली होती. गाय सिंह राशीची निघाली, म्हणून परत गेली.

"तात्या, नाही झाली तरी… मला हिच्याशीच लग्न करायचंय."

"आनि मला कुनी इचारलं का?" अंजना स्क्रू-ड्रायव्हर हातात फिरवत म्हणाली. "इतके दिवस हळदीचं सांगत व्हता."

"विचारतो की… कराल?"

ती लाजली, पण नजर खाली नेली नाही. "जुन्या घरात नवीन मानूस बसतंय का, ते बघायचंय खरं मला. न्हाईच बसलं, तर कानस हाय माझ्याकडं."

सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"जिची पत्रिकाच होत नाही, तिच्या पत्रिकेत दोष काढायचा कुठून? एवढी विद्या माझ्याकडे नाही." असं म्हणून त्यांनी आनंदानं पेढा उचलला आणि फ्लॉपीच्या फटीकडे नेला.

"तिथं न्हाई, तात्या!" अंजनानं त्यांचा हात वरच्या वर धरला.

मामंजी म्हणायला अवकाश होता, पण तात्या हे तिचेही तात्याच झाले. पेढा गोदावरीबाईंना मिळाला.

सोमवारी अंजना सांगलीला गेलीच. "नोकरी धरलीय, ती काय सोडनार न्हाई," ती सातारा स्टँडवर गाडीच्या खिडकीतून म्हणाली. "तुमी येत जावा रविवारी."

"एवढ्या लांब?"

"तुमीच बघा काय करायचं त्याचं."

गाडी सुटली. पुष्कर तडक आगाराच्या खिडकीत गेला आणि त्यानं पुढील अर्ज दिला:

'मा. आगार व्यवस्थापक, सातारा, यांस सविनय विनंती की, सातारा ते सांगली हे अंतर प्रवाशांच्या सोयीसाठी तातडीने कमी करण्यात यावे. तांत्रिक कारणाने ते शक्य नसल्यास, येत्या लग्नसराईपर्यंत कराड व इस्लामपूर ही गावे तात्पुरती रद्द करून अर्जदारास तसे लेखी कळवावे.'