गंगेचा गडू

माणसाच्या डोक्यात अक्कल नसली तरी चालतं, पण रेडिएटरात पाणी नसलं तर चालत नाही, असं हरी मिस्त्री येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. लढाईच्या दिवसांत तीन वर्षं बसऱ्याच्या लष्करी वर्कशॉपात ट्रक उघडून आलेला माणूस तो. इस्लामपुरात पत्र्याची शेड टाकून त्याला वर्ष झालं होतं आणि वर्षभरात कुणा ड्रायव्हरबद्दल त्याच्या तोंडून बरा शब्द निघाला नव्हता. एका शहाण्यानं ब्रेकात गोडंतेल ओतलं होतं. दुसऱ्यानं इंजिन गार राहावं म्हणून रेडिएटरात चक्क ताक. "बैलं हाकायची लायकी, आन बसत्यात मोटारीत," हे हरीचं ठरलेलं वाक्य.

चैत्रातल्या एका दुपारी कुंडलच्या लालासाहेबांची फोर्ड शेडपुढं येऊन थांबली. लालासाहेब म्हणजे बडे ऊसवाले. लष्करी लिलावात गाडी घेतल्यापासून त्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत, असं हरीचं मत. आज मात्र त्यांचे डोळे खोल गेले होते. मागोमाग ड्रायव्हर बिराप्पा उतरला. त्याच्या हातात तांब्याचा एक रिकामा गडू होता आणि मान खाली होती.

"मिस्त्री, रेडिएटरातलं पानी काढून पायजे," लालासाहेब म्हणाले. "सगळं. एक थेंब सांडायचा न्हाई."

"का? सोनं हाय व्हय त्यात?"

लालासाहेब बाकावर बसले आणि त्यांनी सांगितलं. त्यांच्या आईला, मनुबाईंना, मरायच्या आधी एकदा सिद्धनाथाचं दर्शन घ्यायचं होतं. म्हणून गाडीतून म्हसवडला नेली. वाटेत काही झालंच तर जवळ असावा म्हणून म्हातारीनं काशीहून आणलेला गंगेचा गडू मांडीवर घेतला होता. वीस वर्षं तोंड कथलानं झाळून बंद ठेवलेला. शेवटच्या घटकेला तोंडात पाणी घालायला. परतताना माणच्या माळावर रेडिएटर उकळून कोरडाठाक पडला. विहिरींना पाणी नव्हतं. लालासाहेब वस्ती शोधत गेले, म्हातारीचा डोळा लागला आणि बिराप्पानं पान्यानं झाळ फोडून गडू रेडिएटरात ओतला.

"जाग आली तवा तिनं रिकामा गडू बघितला. त्या दिसापासनं आडवी हाय. आज सहावा दिस. अन्न न्हाई, पानी न्हाई. माहुलीच्या संगमाचं पानी आनलं, सांगलीच्या बामनाकडनं दुसरा गडू आनला. समदं थुकून टाकलं. जीव गळ्याशी येऊन थांबलाय, मिस्त्री. म्हनती, माजं पानी आना. बघवत न्हाई आता."

हरी पोट धरून हसला. "आवं लालासाहेब, ह्या गाडीला डबाभर पानी लागतं. गडूभर पान्यावर ती कुंडलापत्तोर आली? येड्यांचा बाजार हाय का हितं?"

"बिरोबाची आण," बिराप्पा पहिल्यांदाच बोलला. "दुसरा थेंब घातला न्हाई. आज येतानाबी न्हाई."

खोटारडा लेकाचा, हरी मनात म्हणाला. असं केलं असतं तर इंजिन केव्हाच जाम झालं असतं. गाडी शेडात घेऊन, दोघांना बाहेर बसवून त्यानं झाकणाला हात घातला. सवयीनं हाताला चिंधी गुंडाळली होती. चिंधीची गरज नव्हती. झाकण माठासारखं गार होतं. चैत्राच्या उन्हात गाडी दहा कोस येऊन नुकती उभी राहिली होती.

वारा लागला असेल, हरी स्वतःशी म्हणाला.

गाडीखाली सरकून त्यानं गडू धरला आणि खालची तोटी सोडली. बारीक धार आली. गंज नाही, तेलाचा तवंग नाही. स्वच्छ आणि गार. गडू काठोकाठ भरला आणि धार थांबली. हरीनं तोटीत तार घातली, जाळीवर पाना ठोकला. पुढे थेंब आला नाही.

त्याला राग आला. बसऱ्यात त्यानं शंभर इंजिनं उघडली होती. एकही इंजिन असं वागलं नव्हतं. आणि ह्या अडाण्यांपुढं आपण गडू धरून बसलोय!

"हॅट्! पानी ते पानी," तो पुटपुटला. "आता बघू, म्हातारी कशासाठी थांबती ते."

रॉकेलनं माखलेल्या हातानं त्यानं गडू तोंडाला लावला. तीन घोटांत संपवला. घशाला ओल म्हणून जाणवली नाही.

मग टिपाडातलं पाणी डबाभर रेडिएटरात ओतलं आणि त्याच टिपाडातून गडू भरला. लालासाहेबांनी तो दोन्ही हातांनी कपाळाला लावला. "लई उपकार झालं," म्हणाले. हसू दिसू नये म्हणून हरीनं तोंड फिरवलं. पलीकडं शाळा सुटल्याची घंटा वाजत होती.

तिसऱ्या दिवशी बिराप्पा एकटाच आला. त्यानं स्टुलावर गडू ठेवला. काठोकाठ भरलेला, वर फडकं बांधलेला.

"मालकांनी परत दिलाय. लागलाच न्हाई."

"का? गेली न्हाई म्हातारी?"

"गेली. आमी पोचायच्या आदीच. साळा सुटायच्या वक्ताला."

हरीनं हातातला पाना खाली ठेवला.

"मालकीन रंगुबाई उशाशी होत्या. म्हनल्या, कुनी काय दिलं न्हाई, तरी आईनं तोंड उघडलं. घसा हालला. तीन येळा. वठ वले झाले."

"मंग चांगलं झालं की," हरी म्हणाला. त्याचा आवाज खरखरीत लागत होता.

"व्हय. सुटली बिचारी. पर जाताना बोलली." बिराप्पा हरीच्या हातांकडं बघत होता. "म्हनली, कुनाचा हात गं ह्यो? रॉकेलचा वास येतोय."

बिराप्पा गेला. हरीनं फडकं सोडलं, गडू उचलला आणि घटाघटा प्यायला. आपल्याच टिपाडातलं साधं पाणी. मग गडू स्टुलावर ठेवून तो शेडमागच्या घरात गेला.

त्याची बायको पद्मा चुलीपुढं होती. "आवं, परवापासनं किती पानी पिताय? घागर घागर पिताय, आन तरी तहान तहान."

"ऊन लय हाय."

त्यानं तांब्या उचलला. मान वर करून प्यायला. घसा हलताना तिला दिसला, घोटांचा आवाजही ऐकू आला. तांब्या खाली ठेवून तो शेडकडं वळला.

पद्मानं भरायला म्हणून तांब्या उचलला आणि पाणी तिच्या हातावर सांडलं. तांब्या काठोकाठ भरलेला होता.

तिनं शेडच्या दारातून आत पाहिलं. स्टुलावरचा गडूही तसाच, काठोकाठ.