लेओकादीला न मिळालेला क्रूस

फिर्मांला त्या संध्याकाळी फक्त एक खिडकी लावायची होती. तुम्ही नवी मंडळी दुपारी जिथे जेवायला बसता ना, त्याच्या बरोबर वरच्या दालनातली. तारीख दोन नोव्हेंबर, मृतांचा दिवस. सहा वाजून चाळीस मिनिटं. बाहेर मिट्ट काळोख झाला होता.

फिर्मां शाबो एकतीस वर्षं आपल्या या म्युझियमचा पहारेकरी. वरच्या काचेच्या पेटीतला तांब्याचा क्रूस, आठशे वर्षांचा, तो त्याच्याच गावचा, ला ब्रुसचा. त्यावरच्या येशूचे पाय लोकांनी ओठ टेकवून टेकवून गुळगुळीत केलेत. गावात कुणी शेवटच्या घटका मोजू लागलं की तो चर्चमधून आणायचे आणि त्याच्या हातात द्यायचे. फिर्मांची आजी तशी गेली, आईही. पुढे चोरांची भीती म्हणून तो इथे आणला. गावाला बदल्यात पावतीचा एक कागद मिळाला.

आदल्या वर्षी फिर्मांची थोरली बहीण लेओकादी अंथरुणाला खिळली. म्हणाली, "फिर्मां, एका रात्रीपुरता आण रे त्याला."

फिर्मांनं संचालकबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मस्यू शाबो, ती वस्तू पेटीबाहेर जात नाही."

त्यानं घरी येऊन तसंच सांगितलं.

"वस्तू?" लेओकादी उसळली. "आणि तू मान डोलावून आलास? इतकी वर्षं राखण कुणाची केलीस मग? त्याची, की काचेची?"

किल्ल्या फिर्मांच्याच कमरेला होत्या. मनात आणलं असतं तर... पण निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. त्यानं इथल्या खालच्या दुकानातून नकली क्रूस घेतला, रंग दिलेला, आणि तिच्या हातात ठेवला.

"लेओ, आणला बघ."

तिची नजर तेव्हा गेली होती. तिनं तो तळहातावर तोलला. बराच वेळ.

"हलका आहे रे," एवढंच म्हणाली. तो बाजूला ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गेली. दोन्ही मुठी घट्ट, आणि आत काही नाही.

तर, त्या संध्याकाळी फिर्मां वर गेला. खिडकी लावली. कडी घातली. वळला.

पेटीपाशी कुणी उभं होतं. पाठमोरं. काळा कोट, डोक्याला रुमाल.

"बाई, बंद झालंय. उद्या या."

त्यानं कमरेच्या किल्ल्या खुळखुळवल्या.

"बाई... ऐकू येतंय ना?"

तो दोन पावलं पुढे गेला. थांबला.

तिचे हात पेटीत होते. मनगटापर्यंत. काच मात्र अखंड होती.

"लेओ...?"

ती वळली नाही.

"लेओ, मी... माझं चुकलं गं..."

ती वळली नाही. तेच त्याला सोसलं नाही. ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं, असं तो मला म्हणाला. ती फक्त उभी होती. मग नव्हती.

सकाळी नऊला त्यानं संचालकबाईंना वर नेलं. रात्रभर तो घरी गेलाच नव्हता.

"पेटी उघडा," म्हणाला. "माझ्याच्यानं होत नाही."

कुलूप जसंच्या तसं होतं. काचेवर ओरखडा नाही. बाई जरा चिडूनच होत्या. पांढरे हातमोजे घालून त्यांनी क्रूस उचलला. एक हातमोजा काढला. बोटं टेकवली. लगेच मागे घेतली.

"शाबो," त्या हळूच म्हणाल्या, "हात लावून बघा."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा फिर्मांनं त्याला हात लावला.

दालनात रात्रभर शेगडी पेटलेली नव्हती. तोंडातून वाफ निघत होती. काच हाताला बर्फासारखी लागत होती.

तांबं ऊबदार होतं.